गुलाबचा दम

सूतगिरणीच्या हॉलमध्ये एक सायकल जागच्या जागी फिरत होती. पेडल मारणाऱ्याचा दम नळीतून खुर्चीतल्या भास्करच्या छातीत जात होता. गिरणीनं तीस वर्षं त्याची फुफ्फुसं खाल्ली आणि धर्मादाय म्हणून ही सायकल दिली, वर मालकाचा हसरा फोटो. पाळीपाळीनं सहा तास पेडल फिरलं तर भास्करला वर्षभर पुरेल इतका दम मिळणार होता. मध्ये थांबलं तर सगळं वाया.

शेवटची पाळी त्याच्या बायकोची. गुलाबनं पदर खोचला.

"वहिनी, आजवर भास्करभाऊंना नुसता दम दिलात," आधीची पाळी संपवून उतरलेली शेवंता म्हणाली, "आज खरा द्या!"

शेवटच्या दहा मिनिटांत गुलाबच्या गुडघ्यात कळ आली. पेडल घ्यायला शेवंता धावली.

"हो बाजूला! नवरा माझा आहे."

रडत, शिव्या घालत ती पेडल मारत राहिली. घंटा वाजली.

दोन वर्षं नुसता कुजबुजणारा भास्कर उठून उभा राहिला.

"उतर आधी खाली!" तो हॉलभर गरजला. "गुडघा मोडायचाय का?"

गुलाब लगेच खाली उतरली. चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला पहिल्यांदाच दम दिला होता, आणि तोही तिचाच.