परांचीवरची सून

"चप्पल बाहेर काढू का वं?" गुणाबाईनं चर्चच्या दारात थबकून विचारलं.

"राहू द्या मावशी, आत समदा चुना सांडला हाय," दिव्यानी हसत म्हणाली.

तिच्याही हातांना कोपरापर्यंत चुनाच होता. चंद्रपूरचं हे इंग्रजांच्या काळातलं चर्च दुरुस्तीला काढलं होतं आणि त्या कामावरची इंजिनिअर म्हणजे दिव्यानी. गुणाबाईच्या लेकाचं, हेमराजचं, तिच्याशी जुळत आलं होतं. पोरगी पाहून झाली, पसंती झाली, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तेवढं उरलं. तरी गुणाबाईचं आपलं एकच, सून काम करते ते ठिकाण एकदा डोळ्यांनी पाहू. हेमराज आईला घेऊन आला खरा, पण ती इथं काय बोलेल या धास्तीनं त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दिव्यानी हौसेनं दाखवत होती. जाड दगडी भिंती, टोकदार कमानी, वर छप्पर पेलणाऱ्या आलापल्लीच्या सागवानाच्या कैच्या. रंगीत काचांतून ऊन आलं आणि गुणाबाईच्या लुगड्यावर लाल-निळं सांडलं. "अगं माय!" म्हणून तीही खुलली. मग छताला टेकलेल्या बांबूच्या परांचीकडे बघून विचारते कशी, "इतक्या वर कोन चढते?"

"मीच चढते ना मावशी. खालून काय समजते?"

झालं! गुणाबाईचं तोंड उतरलं. दिव्यानीनं दोघांना वेदीमागच्या अर्धगोल भिंतीपाशी बाकावर बसवलं आणि चहा आणायला ती त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेली. मधे ताडपत्री टांगलेली. दिव्यानी तिच्याआड गेली तशी गुणाबाई लेकाच्या कानाला लागली.

"सून बांबूवर चढते म्हणून आरमोरीत तोंड कसं दाखवू रे मी? आता काई बोलू नोको. एकदा लगन होऊ दे, मंग सोडाले लावू काम. गोड बोलून घरी बसवू. समजलं?"

'लग्नानंतरही तुमचं काम सुटणार नाई,' असं हेमराजनंच आपणहून दिव्यानीला फोनवर सांगितलं होतं. तिनं होकार दिला तो त्या शब्दावर. मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवणारा हा गडी. वाघ आडवा आला तरी स्टिअरिंगवरचा हात हलत नाही त्याचा. आणि आईपुढं बघा! तोंडातून शब्द फुटेना. स्वतःचीच लाज वाटली त्याला, अगदी कानापर्यंत. घरी गेल्यावर बोलू, अशी मनाची समजूत घालत त्यानं नुसती मान हलवली.

चहाला बराच वेळ लागला. दिव्यानी आली तेव्हा चहा पार निवला होता. तिनं आधी गुणाबाईला कप दिला, मग हेमराजला.

"एक दाखवायचं राह्यलंच," ती म्हणाली. "ह्या भिंतीची गोलाई अशी हाय, का इथी कुजबुजलं तरी तिथी साफ ऐकू येते."

गुणाबाईनं कप बाकावर ठेवला. तिनं पदर सावरला. हेमराजची मान वर होईना.

"म्हणून... म्हणून इतका उशीर लागला का?" तो कसाबसा पुटपुटला.

"मावशीचं बोलणं तवाच ऐकून झालं होतं," दिव्यानी म्हणाली. "मी तुमचं ऐकाले थांबली होती."