दारामागची सनद

इंग्लंडमध्ये मानवी हक्कांचा कायदा आला, त्या वर्षी तिथल्या लीड्स शहरातल्या एका वृद्धाश्रमाने प्रत्येक खोलीत दारामागे हक्कांची सनद लावली आणि दारं बंद केली. यापुढे कर्मचाऱ्यांनी दारावर टकटक करायची आणि आतून ओ आली की तसंच पुढे जायचं. उगाच आत शिरायचं नाही.

श्यामलाआजींनी देखभालीला येणाऱ्या तनूला विचारलं, "अगं, दार नुसतं लोटून ठेवलं तर चालेल ना? येता-जाता कोणी डोकावेल तरी."

"नाही आजी. तुमचा प्रायव्हसीचा राइट आहे."

"आणि मला नको असेल तर?"

"सोडता नाही येत. ह्यूमन राइट आहे तो."

"मग त्या समोरच्या खोलीतल्या मार्गारेटला देऊन टाक माझा."

"ती म्हणते, तिचा तुम्हाला द्या."

आठवडाभर टकटक झाली की आजी "आय अ‍ॅम फाइन" म्हणत राहिल्या आणि पावलं पुढे जात राहिली. मग एका दुपारी त्यांनी चष्मा लावून सनद शेवटपर्यंत वाचली. अगदी तळाला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की तीनदा टकटक करूनही उत्तर न आल्यास कर्मचाऱ्याने आत जावे, रहिवाशाचा हात हातात घ्यावा आणि पूर्ण एक मिनिट नाडी तपासावी.

आता रोज सकाळी अकराला दार वाजतं. आजी डोळे मिटतात, उजवा हात पांघरुणाबाहेर काढून ठेवतात आणि ओ देत नाहीत.