पलीकडून आलेला निरोप

निरोप पुन्हा पोचला नाही.

"आमच्याकडून गेलाय," टेबलापलीकडचा प्रमुख भिंतीकडे बघत म्हणाला.

"आमच्याकडे आलेला नाही," अलीकडची प्रमुख म्हणाली. तीही भिंतीकडेच बघत होती.

दोन कंपन्या, दोन मेसेजिंग ॲप. इतकी वर्षं एकमेकींची गिऱ्हाइकं पळवण्यात गेली होती. एका ॲपवरच्या माणसाला दुसऱ्या ॲपवरच्या माणसाशी बोलायची सोयच नव्हती. मग कायदा आला. दोघींनी आपली दारं उघडायची, कुणीही कुठूनही कुणालाही लिहावं. दोन्ही ॲपना जोडणारा पूल बांधून झाला होता; उद्या सकाळी ती दारं उघडणार होती. चाचणीचे खोटे नंबर केव्हाच पास झाले होते. आज खऱ्या माणसांच्या खऱ्या फोनांवर शेवटची तपासणी होती आणि दोन्हीकडच्या लोकांच्या जोड्या लावल्या होत्या. सगळ्या जोड्या सुरळीत चालल्या. घोडं अडलं ते फक्त या दोघांच्या जोडीत. पहिला निरोप त्याने पाठवायचा होता, आणि तो काही केल्या तिच्यापर्यंत येत नव्हता.

तिच्या जिवाला चैन नव्हती. ती उठून खिडकीशी गेली, परत आली, थंड झालेला चहा उगाच ढवळत बसली. वरचे साहेब दारातून डोकावून दोनदा "झालं का?" विचारून गेले. पण तिला खुपत होतं ते वेगळंच. समोर बसलेला माणूस तिचा सख्खा धाकटा भाऊ होता आणि खोलीत हे कुणालाच माहीत नव्हतं. लग्नानंतर तिचं आडनाव बदललं होतं. सकाळपासून दोघं एकमेकांना सर-मॅडम म्हणत होती.

बाबा गेले तेव्हापासून दोघांचं बोलणं तुटलं होतं. मावशीने त्याला फोन केला होता, तेव्हा तो म्हणाला होता, "ताईला कळवतो." मग ती फोन हातात धरून बसून राहिली. येतोय का, केव्हा येतोय, काहीच नाही. लोक ताटकळले. काका म्हणाले, "पोरी, किती वेळ ठेवायचं?" शेवटी दुपारी बाबांना नेलं. तो संध्याकाळी उगवला. दारातूनच रिकाम्या खाटेकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि पाणीसुद्धा न घेता मागे फिरला. तिनेही हाक मारली नाही. बापाच्या मरणाला एक ओळ लिहायला ज्याला सवड झाली नाही, त्याला काय हाक मारायची?

"सर, परत पाठवता का?" तिच्या शेजारी बसलेली चाचणीवाली म्हणाली. तिच्या स्क्रीनवर नोंदी भराभरा वर सरकत होत्या.

त्याने बटण दाबलं. सगळे तिच्या फोनकडे बघत राहिले. फोन गप्प.

"तुमचा पूलच कच्चा असेल," पलीकडचा एक जण पुटपुटला.

"पूल दोघांनी मिळून बांधलाय," ती ताडकन म्हणाली. "चूक एकट्या आमच्या गळ्यात बांधू नका."

"थांबा, मॅडम." चाचणीवालीने मान वर केली. तिचा आवाज खाली आला. "चूक कुठेच नाहीये. निरोप पूल ओलांडून आपल्याकडे येतोय. आपणच तो परत पाठवतोय. तुम्ही सरांचा नंबर ब्लॉक केलाय ना? जुनं ब्लॉक पुलावरही पाळायचं, असं आपलंच ठरलंय. ते बरोबर पाळलं जातंय."

पलीकडचं कुणीतरी हसलं. मग दोघांचे चेहरे बघून गप्प झालं.

"कधी केलंय?" तिने विचारलं.

चाचणीवालीने तारीख वाचली. बाबा जायच्या आदल्या आठवड्यातली.

तिला ते आठवलं. बाबांना कुणाकडे ठेवायचं यावरून फोनवर कडाक्याचं भांडण झालं होतं. तो तेव्हा परगावी होता आणि तेव्हा तिचंच ॲप वापरायचा. "तू कधी काही केलंयस का त्यांच्यासाठी?" असं ती ओरडली होती आणि रागाच्या भरात त्याचा नंबर बंद करून टाकला होता. सकाळी डोकं शांत झालं की उघडू, म्हणून. सकाळी बाबांना धाप लागली. मग दवाखाना, धावपळ, जागरणं. ते ब्लॉक डोक्यातून पार निघून गेलं होतं.

तिने फोन उचलला. तिने त्याचा नंबर मोकळा केला आणि पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं.

"तू लिहिलं होतंस?"

खोलीतले सगळे चमकले. मॅडम एकदम अरे-तुरेवर कशा आल्या, ते कुणाला कळेना.

खिशातून त्याने आपला दुसरा, जुना फोन काढला. त्यावर तिचं ॲप अजून होतं. अंगठ्याने तो जुने निरोप सरकवत राहिला, एका जागी थांबला, बराच वेळ बघत बसला. मग त्याने टेबलावरचा फोन पुढे ओढला आणि जुन्या फोनात बघून एकेक अक्षर टाइप केलं.

तिचा फोन थरथरला.

"पोचला का, मॅडम?" चाचणीवालीने विचारलं. "काय आलंय? 'चाचणी एक'?"

तिने फोन टेबलावर ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. स्क्रीनवर लिहिलं होतं:

'ताई, विमानतळावर आहे. मी येईपर्यंत बाबांना नेऊ नका.'