नऊ ग्रॅम

चोर कोण, ते साहेबानं काट्यावरचा आकडा थांबायच्या आधीच ठरवून ठेवलं होतं. साहेबांना असं लवकर ठरवावं लागतं. नाहीतर लोक इकडंतिकडं बघायला लागतात.

"घरून सहा क्विंटल कापूस निघाला म्हणतेस ना, बाई? इथं पाच क्विंटल साठ आहे. चाळीस किलो कुठी सांडला, ते तुझ्या ड्रायव्हरले विचार."

तानाबाईनं साजिदकडं पाहिलं. आठ वर्षं तिचा कापूस त्याच्याच मेटॅडोरमधून या खरेदी केंद्रावर येत होता. सहा क्विंटल हा काही तिचा अंदाज नव्हता. वेचणाऱ्या बायांना किलोवर मजुरी द्यावी लागते, म्हणून रोजची वेचणी ती अंगणात तोलून घ्यायची. बायाही तराजूवरून नजर हटवायच्या नाहीत. पन्नास-पन्नास किलोची बारा गाठोडी तिनं काल स्वतः बांधली होती. चुकायला जागाच नव्हती.

"रातभर गाडी तुह्या दारात उभी होती, साजिद."

"ताडपत्रीची गाठ तुमीच मारली होती, काकू. अन आता तुमीच सोडली."

"गाठ काय, कोणालेही मारता येते."

रांगेतला गोपाल पुढं सरकला. त्याचाही कापूस मागच्या खेपेला साजिदच्याच गाडीतून आला होता. "माहेबी अठरा किलो कमी भरलते," तो म्हणाला.

झालं. दुसऱ्यांच्या गाड्यांतून आलेला कापूस किती भरला, ते कोणी विचारलं नाही. दोन हजार पाचचं साल होतं. कापसाचा भाव असा पडला होता, की चाळीस किलोसाठी माणूस माणसाची ओळख विसरत होता.

साहेबानं हमालांना गाडी तपासायला लावली. कापूस निघाला नाही. सीटखालून एक कापडी थैली निघाली. हमालानं ती जमिनीवर टाकली, तर खणकन वाजली. आत पेपरात गुंडाळलेल्या दहा पुंगळ्या. पुंगळ्यांत सगळी पाच रुपयांची नाणी.

"घ्या! हा पाहा तुमचा चाळीस किलो कापूस," साहेब म्हणाला.

साजिद घाईघाईनं पुढं झाला. "हे वेगळ्या छापाची नाणी आहेत, सायेब. बाजाराच्या दिवशी सवाऱ्या बसवतो मी. चिल्लरमधी कधी महावीराचं नाणं येते, कधी आई-बाळाचं. मी त्याच्या जागी आपल्या खिशातलं साधं टाकतो, अन हे काढून ठेवतो. दहा वर्षं झाली."

"कायले?"

त्याची बायको मलिकाही हेच विचारायची.

"पाचच्या नाण्याचे पाचच रुपये येतात, अन हा त्याले लेकरावानी गुंडाळून राह्यला!" गोपाल म्हणाला. रांग खो खो हसली.

तानाबाईनं थैलीकडं बोट केलं. "माह्या कापसाचे होत का रे हे?"

साजिद सुटलेली पुंगळी परत गुंडाळू लागला. आठ वर्षांनंतर असा प्रश्न विचारणाऱ्या बाईला काय सांगणार?

"पोलिसांत देऊ," साहेबानं रजिस्टर ओढलं. "लिहून घेतो."

हमाल नाणी मोजायला खाली बसला. साहेब खेकसला, "मोजत कोण बसन? ठेव काट्यावर! वजन लिहू."

थैली रिकामी करून पुंगळ्या काट्यावर गेल्या. लाल आकडे थरथरले आणि थांबले. चार किलो दोनशे.

साजिदनं आकडा पाहिला. डोळे चोळून पुन्हा पाहिला. मग अगदी हळू म्हणाला, "लिहिलं का, सायेब? खाली सहीबी करा जी. उद्या मी नाई म्हणालो तं?"

साहेबानं ऐटीत सही ठोकली.

"काकू, आता तुमी मोजा. एका पुंगळीत पन्नास आहेत."

तानाबाई खाली बसली. पुंगळ्या सोडून तिनं एकेक नाणं मोजलं. दहाही पुंगळ्या पुऱ्या भरल्या. पाचशे.

"पाचची खोटी नाणी लय फिरून राह्यली, सायेब," साजिद म्हणाला. "म्हणून मी एकेक नाणं पुसदच्या सराफाच्या काट्यावर तोलून घेतो. खरं नाणं नऊ ग्रॅमचं. त्यात कमी भरलं, ते मी ठेवतच नाई."

"पाचशे नाणी, नऊ-नऊ ग्रॅम," गोपाल बोटांवर हिशेब करत पुटपुटला. "साडेचार किलो पाहिजे. हा तं चार-दोनशे दाखवते. साडेचारले तीनशे ग्रॅम कमी... म्हणजे साठ किलोले चार. अन सहाशेले..."

"चाळीस," तानाबाई म्हणाली.

गोपालला आपले अठरा किलो आठवले. त्यानं मान खाली घातली.

साहेबानं रजिस्टर मिटलं. "नाणी खोटी असतील," तो म्हणाला. "या काट्याले सरकारी सील आहे. डोळे फुटले का?"

सील होतं. काट्याच्या बाजूला तारेत ओवलेला शिशाचा गोळा लोंबत होता.

रांग मोडून माणसं काट्याभोवती जमली होती. कोणी आपलं गाठोडं खाली उतरवत नव्हतं. तानाबाई साजिदच्या शेजारी जाऊन उभी राहिली. एक नाणं तिनं पदरानं पुसलं आणि सिंहाचा छाप साहेबाच्या नाकासमोर धरला.

"हे सरकारचं. अन ते लोंबून राह्यलं, तेबी सरकारचं. साजिदले चोर ठरवाले तुले एक मिनिट नाई लागलं. आता सांग सायेब, या दोघातलं खोटं कोणतं?"