दुसऱ्या खेळाडूची पाळी

चंद्रभान जातीचा विणकर. हातानं धोटा फेकला की पायानं मागाची पावडी दाबणारच. वर्षापूर्वी लकव्यानं उजवा पाय लुळा पडला आणि माग बंद झाला. जावयानं दुबईहून टीव्हीवर खेळायचा गोल्फ आणला, तर तो शिकतानाही गडी बटणाबरोबर लुळा पाय रेटू पाहायचा. चेंडू हटकून पाण्यात.

"पाह्य वं," तो बायकोला म्हणाला, "पडद्यावरचा खेळणारा बुटका आज लंगडून राहिला. काल तर ताठ चालत होता."

"तुमचाच चेला तो!" प्रेमिला हसली आणि आत पोळ्या लाटायला बसली.

सातव्या फटक्याला चेंडू एकदाचा भोकात पडला. बुटका ताठ झाला आणि धावत पडद्याबाहेर गेला.

चंद्रभानच्या टाचेला मुंग्या आल्या. अंगठा हलला. तो भिंत न धरता उभा राहिला, आता मागावर बसायचं म्हणून हसला.

पडद्यावर दुसऱ्या खेळाडूची पाळी लागली. दुसरं कोणी खेळतच नव्हतं. तरी एक नवा बुटका आला, उजवा पाय ओढत.

"अवो," आतून प्रेमिलेचा आवाज आला, "मले उठता काहून नाही येऊन राहिलं?"