चौथी सही

"पुस्तक जमा झाल्याबिगर सही होत नसते, दयारामभाऊ. आज नाही अन् उद्याबी नाही."

लायब्ररीच्या शर्मिष्ठाबाईंनी फॉर्म टेबलावरून परत सरकवला. मुलीचं नाव कॉलेजातून काढायचं, तर 'आमचं तिच्याकडे काही राहिलेलं नाही' असं सांगणाऱ्या चार सह्या लागत. प्रयोगशाळा, क्रीडा विभाग आणि कार्यालय यांनी मान वर न करता सह्या ठोकल्या होत्या. सायन्सच्या दुसऱ्या वर्षातली एक चांगली मुलगी का जाते आहे, हे विचारायला तिघांपैकी एकालाही सवड झाली नव्हती. चौथी सही लायब्ररीची, आणि तिथे गाडी अडली होती.

दयाराम शहराच्या टोकाच्या बीरगांवहून आला होता, कारखान्यातली पाळी बुडवून. "पोट्टी म्हणते पुस्तक हरवलं. हरवलं तं हरवलं! तेवढ्यापायी का जन्मभर कॉलेजात ठेवू तिले?"

"पण काढून काहून राहिले तिले?"

"प्रॅक्टिकल सुटते पाचले, घरी येते साडेसातले. मागच्या हप्त्यात कोण्या पोट्ट्याच्या स्कूटीवर बसून आली. सारा पारा, सारी वस्ती बोलून राहिली, मॅडम. तुमाले काय, तुम्ही समता कॉलोनीत राहता, तिथं कोण बोलते कोणाले."

"बस आली नसंन, म्हणून बसली. पाऱ्याचं तोंड बंद करा ना! पोरीचं कॉलेज काहून बंद करता?"

"मले भाषण नाही पायजे. सही पायजे."

मोनाली बापाच्या मागे उभी होती. हिंदी शहरात वाढलेली, एरवी त्याच्या मराठीला हिंदीत फटाफट उत्तरं देणारी ही पोरगी आज मूग गिळून होती. तिला सगळं ठाऊक होतं.

कारण पुस्तक हरवलं नव्हतंच. ते शर्मिष्ठाबाईंच्या कपाटात कुलूपबंद होतं. आठवड्यापूर्वी मोनाली रडवेली होऊन सांगायला आली होती, बाबा नाव काढणार आहेत. बाईंनी तिची समजूत वगैरे काढली नाही. फळीवरचं हाताला लागलं ते केमिस्ट्रीचं जाडजूड पुस्तक तिच्या कार्डावर चढवलं आणि आपल्याच कपाटात टाकलं. "हे हरवलं. समजलं?" मोनालीने मान हलवली.

बाईंची ही जुनी युक्ती. घरच्यांचा कॉलेज सोडवण्याचा निश्चय पंधरा-वीस दिवसांत शिळा होतो, असा त्यांचा अनुभव होता. तेवढ्यात बापाचा राग उतरतो, एखादी आत्या मध्ये पडते, परीक्षेची तारीख लागते. असे सात जण त्यांनी आजवर अडवून ठेवले होते, आणि सातही जण पास होऊन गेले. प्राचार्य भर बैठकीत म्हणाले होते, सगळ्यात जास्त पुस्तकं तुमच्याकडून हरवतात. बाईंनी तोंडावर सांगितलं होतं, "हो सर. पोरं मात्र हरवत नाहीत."

दयाराम पाय आपटत निघाला आणि दाराजवळ थांबला. तिथे नियमांचा बोर्ड होता, बाईंनीच लिहून लावलेला. हरवलेल्या पुस्तकाऐवजी नवी प्रत जमा केली तरी चालेल, असं त्यावर स्पष्ट होतं. त्याने ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. मग खिशातून चिठोरं काढलं, पुस्तकाचं नाव मुलीकडूनच त्यावर लिहून घेतलं आणि तिला तिथेच बसवून गेला.

कार्डावर चढवायला बाई नेहमी जुनं, बाजारातून कधीच उठलेलं पुस्तक निवडत. या खेपेला घाई नडली होती. हे पुस्तक शहरात कुठल्याही दुकानात मिळालं असतं.

"मोनाली," त्या म्हणाल्या, "माह्याजवळ होती तेवढी युक्ती संपली आता."

तासाभराने दयाराम घामाघूम होऊन आला आणि कोरं करकरीत पुस्तक टेबलावर ठेवलं. दोन वर्षांत त्याने मुलीला कॉलेजचं एकही पुस्तक घेऊन दिलं नव्हतं. पहिलं घेतलं, ते तिला कॉलेजातून काढायला.

"घ्या. आता बोला."

नियम आपणच लिहिला, आता आपणच खोडायचा कसा? बाईंनी पहिल्या पानावर लायब्ररीचा शिक्का मारला. वहीत नोंद केली. मोनालीच्या कार्डावरचं हरवलेलं पुस्तक उतरवलं. आता पोरीच्या नावावर काहीच राहिलं नाही. बाईंना स्वतःचा इतका राग इतक्या वर्षांत कधी आला नव्हता. त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

पेन कागदाला टेकायच्या आत मोनालीचा हात बापाच्या खांद्याजवळून पुढे आला. तिने ते नवं पुस्तक उचललं आणि छातीशी घट्ट धरलं. दुसऱ्या हाताने आपलं कार्ड फॉर्मवर ठेवलं, बरोबर सहीच्या जागेवर.

"मॅडम, हे माह्या कार्डावर चढवा," ती म्हणाली आणि बापाकडे वळली. "अन् बाबा, डिग्री हातात येईपर्यंत मी हे वापस करत नसते."