दार धरणारा

यादीवरची लाल रेघ बरोबर दोघांच्या मधून गेली. रेघेच्या वर शेवटचं नाव डॅरेल स्टूर, खाली पहिलं नाव वर्लिन कुचेरा. मालगाड्यांच्या यार्डाची मॅनेजर मार्ला हिने पट्टी लावून ती ओढली होती. रेघेखालच्या सगळ्यांना सोमवारपासून ले-ऑफ, म्हणजे काम बंद आणि पगारही.

मालगाडीच्या धंद्यात कोण राहणार आणि कोण जाणार हे कामावर ठरत नाही, नोकरीला लागल्याच्या तारखेवर ठरतं. ह्या दोघांची तारीख एकच होती. एकोणीस वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या बोचऱ्या वाऱ्यात, दोघं ह्याच ऑफिसच्या दाराशी एकदम पोचले. ओळख ना पाळख. वर्लिनने दार उघडून धरलं आणि म्हणाला, "आधी तुम्ही." डॅरेल आधी आत गेला, त्याने आधी सही केली, आणि कायमचा एका नंबराने वर राहिला. पुढे नाताळच्या दिवशी गाडीवर कोण जाणार असा प्रश्न आला की तो विचारायचा, "दार कुणी धरलं होतं, लेका?" वर्लिन शिव्या घालत जेवणाचा डबा उचलून निघायचा. एकोणीस वर्षांत हा विनोद कधी शिळा झाला नाही. आज तो आठवला आणि डॅरेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२००९ चा फेब्रुवारी होता. नेब्रास्कातल्या त्या गावाबाहेर तीन मैल मालगाड्यांचे रिकामे डबे नुसते उभे होते. घरं बांधायची थांबली होती, मोटारी विकायच्या थांबल्या होत्या, मग गाडीने न्यायचं काय? कंपनीचं पत्रक भिंतीवर लावलेलं होतं : वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत मालवाहतूक सावरेल. त्याखाली कुणीतरी पेन्सिलने विचारलं होतं, कुठल्या वर्षाच्या?

रेघेच्या वर असलेलेही सुखात नव्हते. दुसरीकडचं यार्ड बंद पडलं की तिथला जास्त जुन्या तारखेचा माणूस कुठल्याही यार्डात येऊन रेघेवरच्या शेवटच्या माणसाला उठवू शकतो आणि त्याची जागा घेऊ शकतो. नियमच आहे. रीत एवढीच, की आधी त्या माणसाला तोंडावर सांगायचं, हात मिळवायचा, मग मार्लाकडे जायचं. जानेवारीत असे दोघं उठले होते. तेव्हापासून अनोळखी मोटार आवारात आली की सगळे हातातलं काम टाकून खिडकीशी यायचे. पण गेले तीन आठवडे कुणी आलं नव्हतं.

वर्लिनने यादी वाचली आणि तो जेवायला बसला. त्याची बायको लोनेट आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची. नोकरीमागोमाग कंपनीचा उपचारांचा विमा जाणार, आणि विमा गेला की लोनेटही जाणार, हे दोघांनाही कळत होतं. वर्लिनने कोबी आणि खिमा भरलेला पाव रोजच्यासारखा अर्धा मोडून डॅरेलपुढे सरकवला. डॅरेलने त्याला हात लावला नाही. तो तसाच उठला आणि मार्लाच्या खोलीत गेला.

रेघेच्या वरच्या माणसाने स्वखुशीने ले-ऑफ घेतला, तर खालच्याला त्याची जागा मिळते. एकदा सही केली की माघार नाही. मार्लाने त्याला समजावून पाहिलं, ह्या वयात तुला दुसरं काम कोण देणार म्हणाली, घरी विचारलंस का म्हणाली.

"घरी कुत्रा आहे," डॅरेल म्हणाला. "त्याची हरकत नाही."

मार्लाने पुन्हा पट्टी काढली आणि नवी रेघ वर्लिनच्या नावाखाली ओढली. शुक्रवारी नवी यादी सगळ्या यार्डांना गेली.

सोमवारी सकाळी डॅरेल कपाटाची किल्ली परत करायला आला. वर्लिन कामाचे कपडे घालून त्याची वाटच पाहत होता. शनिवार-रविवार त्याने डॅरेलच्या घरी फोन करकरून काढले होते, आणि डॅरेलने एकही उचलला नव्हता.

"का केलंस रे हे?" वर्लिनने विचारलं. "मी काय मागितलं होतं तुझ्याकडे?"

"तू एकदा धरलंस, मी एकदा धरलं. फिटलं."

वर्लिन रडला. लोनेटही काल रडली होती, आणि महिन्यात पहिल्यांदाच पोटभर जेवली होती, असं त्याने सांगितलं. डॅरेलला बरं वाटलं. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. वर्लिन त्याला सोडायला दारापर्यंत गेला.

दार उघडलं तर समोर साठीचा एक माणूस बर्फातून येत होता. खांद्यावर जड बॅग, मिशांवर बर्फ, लांबून रात्रभर गाडी चालवत आल्यासारखे डोळे. वर्लिन इतका खुशीत होता की त्याच्या मनात दुसरं काही आलंच नाही. त्याने दार सताड उघडून धरलं.

"आधी तुम्ही," तो म्हणाला.

म्हातारा आत आला. त्याने टोपी काढली, बूट झटकले, आभार मानले. मग खिशातून एक कागद काढून डोळ्यांजवळ धरला. डॅरेलने तो कागद पाहिला आणि त्याच्या हातातली किल्ली खाली पडली.

"तुम्ही भले दिसता, म्हणून तुम्हालाच विचारतो," म्हातारा वर्लिनला हळूच म्हणाला. "हा वर्लिन कुचेरा कोण आहे हो इथे? मार्लाबाईंकडे जाण्याआधी त्याचा हात धरून माफी मागायची आहे."